सासूबाईंना आलेला तो फोन

गेल्या पावसाळ्यात ह्यांची चाकणची नोकरी गेली आणि पर्सनल लोनचे दोन हप्ते थकले. एका रात्री साडेनऊला वसुलीवाल्याचा फोन आला तो थेट सासूबाईंच्या मोबाईलवर. "तुमचा मुलगा पैसे बुडवून बसलाय, उद्या पोलीस घेऊन येतो." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी कपाटातल्या पाटल्या काढून माझ्या हातात ठेवल्या. "मोड ह्या. पण दारात कुणी यायला नको."

पाटल्या मी परत कपाटात ठेवल्या. त्यांचा थरथरणारा हात मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

कर्ज आम्ही घेतलंय, फेडायचंही आम्हीच. त्याबद्दल तक्रार नाही. पण म्हाताऱ्या आईला धमकावायचा हक्क कुणी दिला? रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास देऊन चारचौघांत अब्रू काढायची नाही. आणि निव्वळ हप्ता थकला म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत, ती दिवाणी बाब आहे. चेक किंवा ऑटो-डेबिट बाउन्स झालं तर मात्र वेगळी केस होऊ शकते, त्यामुळे कोर्टाचा कागद आला तर तो घ्या, वकिलाला दाखवा.

आमची चूक एकच झाली. लाजेपायी आम्ही महिनाभर बँकेचे फोन उचलले नाहीत. नोकरी गेली त्याच आठवड्यात शाखेत जाऊन सांगायला हवं होतं.

मग मी त्या कॉलची तारीख, वेळ, नंबर लिहून बँकेला ईमेल केला. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळाली, तीही लेखी. दारात आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचं पत्र मागा, आणि पावतीशिवाय त्याच्या हातात रोकड देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. "सेटलमेंट"ला, म्हणजे थोडे पैसे भरून कर्ज मिटवायला, घाईने हो म्हणू नका, सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, तो शिक्का राहतो.

ह्यांना आता भोसरीत काम मिळालंय, हप्ते वेळेवर जातात. सासूबाई मात्र अजूनही अनोळखी नंबर दिसला की मोबाईल उचलून माझ्याकडे आणून देतात.