‘चाचणीचा स्रोत बंद का?’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार.

आपला अभिप्राय आम्ही काळजीपूर्वक वाचला. आमच्याकडून लिनक्स बसवून घेतलेल्या लॅपटॉपवर फर्मवेअरचे (यंत्राच्या भागांमध्येच बसवलेल्या, ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) एकही नवे अपडेट दिसत नाही, निर्मात्याच्या संकेतस्थळावर मात्र बायॉसची (संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरची) पुढची आवृत्ती उपलब्ध आहे, सेटिंगमध्ये पाहिले तर ‘एलव्हीएफएस-टेस्टिंग’ नावाचा स्रोत बंद आहे, आणि याबद्दल विचारल्यावर आमच्या तंत्रज्ञाने ‘सध्या थांबा’ असे सांगितले, अशी आपली तक्रार आहे. यावरून आम्ही ग्राहकांची अपडेट अडवून ठेवतो असा निष्कर्ष आपण काढला आहे. तो आम्हाला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे येथेच सविस्तर सांगणे आम्हाला योग्य वाटते, कारण हा प्रश्न इतर ग्राहकांनाही पडू शकतो.

लिनक्सवर फर्मवेअर अपडेट करण्याचे काम एफडब्ल्यूअपडी ही सेवा करते, आणि कोणत्या यंत्रासाठी कोणते फर्मवेअर आले आहे याची यादी ती ठरवून दिलेल्या दूरस्थ स्रोतांकडून आणते. त्यांपैकी मुख्य स्रोत एलव्हीएफएस (लिनक्स व्हेंडर फर्मवेअर सर्व्हिस) हा आहे. तेथे निर्माते आपले फर्मवेअर स्वतः चढवतात; निर्मात्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणालाही, अर्थात आम्हालाही, ते तेथे ठेवता येत नाही. निर्मात्याने चढवलेली फाइल आधी चाचणीच्या शाखेत ठेवता येते, तेथे ती स्वखुशीने तयार असलेल्या लोकांच्या यंत्रांवर बसते, अपडेट यशस्वी झाले की फसले याचे अहवाल निर्मात्याकडे जातात, आणि त्याचे समाधान झाल्यावरच ती सर्वांसाठीच्या स्थिर शाखेत येते. ‘एलव्हीएफएस-टेस्टिंग’ हा त्या चाचणी शाखेचा स्रोत असून, एफडब्ल्यूअपडी बसवल्यावर तो मुळातच बंद असतो. आम्ही तो बंद केलेला नाही. तो आपणहून चालूही करत नाही, आणि हा निर्णय आम्ही विचारपूर्वक घेतलेला आहे.

एखादा साधा प्रोग्रॅम बिघडला तर तो काढून जुना बसवता येतो, कारण तोवर संगणक चालू असतो. बायॉसचे अपडेट फसले तर संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते, आणि मग दुरुस्तीचे काम ग्राहकाच्या हातात राहत नाही. मागे फिरण्याची वाटही नेहमी मोकळी नसते : अनेक यंत्रांत निर्मात्याने किमान आवृत्तीची मर्यादा घातलेली असते आणि तिच्या खालची आवृत्ती यंत्र स्वीकारत नाही. शिवाय आपल्या मागणीप्रमाणे आम्ही या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केली आहे आणि तिचे कुलूप टीपीएम या, सुरक्षेच्या किल्ल्या जपणाऱ्या चिपच्या साहाय्याने उघडते. बायॉस बदलला की त्या चिपमध्ये नोंदली जाणारी मोजमापे (सुरू होताना चाललेल्या सॉफ्टवेअरच्या खुणा) बदलतात, आणि संगणक पुढच्या वेळी सुरू होताना रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडण्याची राखीव किल्ली, मागू शकतो; ती हाताशी नसेल तर आपलीच कागदपत्रे आपल्याला उघडता येणार नाहीत. ज्या यंत्रावर कोणाचे तरी रोजचे काम अवलंबून आहे, त्याला न विचारता चाचणीच्या शाखेत लोटणे आम्हाला रास्त वाटत नाही.

संकेतस्थळावरील आवृत्ती एलव्हीएफएसवर नसणे यात विसंगती काही नाही. संकेतस्थळावर बहुधा विंडोजसाठीची फाइल असते. एलव्हीएफएससाठी तेच फर्मवेअर आवश्यक माहितीसह कॅब फाइलमध्ये बांधून चढवावे लागते, आणि ते कधी चढवायचे हे निर्माता ठरवतो.

आपण आणखी एक सूचना केली आहे : कोणी चालवत असलेल्या एका दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता आम्ही स्रोत म्हणून जोडून द्यावा. याला आमचा स्पष्ट नकार आहे. स्रोताच्या यादीवर डिजिटल स्वाक्षरी असते, ती संगणकात विश्वासार्ह म्हणून ठेवलेल्या किल्लीशी पडताळली जाते, आणि प्रत्येक फर्मवेअर फाइलचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखसंख्या) त्याच यादीत असतो, त्यामुळे फाइलमध्ये वाटेत केलेला बदल लपत नाही. एलव्हीएफएसची यादी जशीच्या तशी ठेवणारा मिरर असता तर ही साखळी टिकली असती. आपण पाठवलेल्या सूचनांमध्ये मात्र त्या सर्व्हरची स्वतःची किल्ली संगणकात बसवायला सांगितले आहे. ती बसवली की तो अनोळखी माणूस जे फर्मवेअर देईल ते आपला संगणक खरे मानू लागेल, आणि पत्ता एचटीटीपीएसचा (सुरक्षित जोडणीचा) असल्याने यात काहीही फरक पडत नाही.

लॅपटॉप आपला आहे, प्रशासकाचा पासवर्डही आपल्याकडेच आहे, त्यामुळे चाचणी शाखा वापरायची असल्यास आमची परवानगी लागत नाही. टर्मिनलमध्ये एफडब्ल्यूअपडीएमजीआर या आज्ञेपुढे ‘गेट-रिमोट्स’ लिहिले की सर्व स्रोत आणि त्यांची स्थिती दिसते. ‘एनेबल-रिमोट’ आणि स्रोताचे नाव दिले की तो चालू होतो. त्यानंतर ‘रिफ्रेश’ केल्याशिवाय नवी यादी येत नाही. (शेवटची यादी आणून 24 तास झाले नसतील तर ‘फोर्स’ हा पर्याय जोडावा लागतो.) अपडेटपूर्वी रिकव्हरी की संगणकाबाहेर लिहून ठेवा आणि चार्जर जोडलेला ठेवा. ‘डिसेबल-रिमोट’ने स्रोत नंतर केव्हाही बंद करता येतो, पण तोवर बसलेले फर्मवेअर त्याने परत जात नाही.

तंत्रज्ञाने ‘थांबा’ म्हटले ते स्थिर शाखेत ही आवृत्ती येईपर्यंत, आणि तो सल्ला आजही आमचाच आहे. त्याला एक अपवाद आहे. निर्मात्याने नव्या आवृत्तीत सुरक्षेची गंभीर त्रुटी दुरुस्त केली असेल, तर वाट न पाहता निर्मात्याची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन, आपल्या मॉडेलमध्ये तशी सोय असल्यास, बायॉसच्या स्वतःच्या पडद्यावरून आम्ही अपडेट करून देऊ. त्यासाठी त्याच एफडब्ल्यूअपडीएमजीआर आज्ञेपुढे ‘गेट-डिव्हायसेस’ लिहिल्यावर दिसणारे उत्तर आमच्या सेवा विभागाला खासगीत पाठवावे, लॅपटॉपचा अनुक्रमांक कृपया येथे जाहीरपणे लिहू नये.