श्रावण सोपा करण्याचे कष्ट

श्रावणात मोकळा वार कोणता, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला सापडलेलं नाही. सोमवारी शंकर, शिवामूठ आणि उपास. मंगळवारी मंगळागौर. बुधवार-गुरुवार बुध-बृहस्पतींचे. शुक्रवारी जिवती. शनिवारी मारुती, नृसिंह, पिंपळ आणि जेवायला एक मुंजा मुलगा. रविवारी आदित्य राणूबाई. देवांनी सातही वार आपसांत समजुतीनं वाटून घेतले, आणि त्या बैठकीला आपल्याकडून कुणी हजर नव्हतं.

एवढ्यावर भागलं नाही म्हणून 2023 साली अधिक श्रावण आला. 18 जुलैला लागलेला श्रावण 15 सप्टेंबरला संपला. वाराची व्रतं निज महिन्यात करतात हे खरं, पण म्हणून अधिक महिना मोकळा सोडतात असं नाही. त्यात जावयाला तेहतीस अनारसे. माझ्या घरात जावई नाही, पण मी स्वतः कुणाची तरी लेक असल्यामुळे ते अनारसे आमच्याकडेच आले आणि माझ्या नवऱ्यानं ते तीन दिवसांत संपवले. पुण्य कुणाला लागलं याचा हिशेब अजून झालेला नाही.

तर या अनुभवानंतर 2024 च्या आषाढात आमच्या डोंबिवलीतल्या इमारतीतल्या बायकांनी ठरवलं, की यंदा श्रावण सोपा करायचा. सगळ्या नोकरीवाल्या, सगळ्यांची तीच दमछाक, तर मग एकमेकींच्या मदतीनं करू. कल्पना सोन्यासारखी होती. घात झाला तो ती अमलात आणायला आमच्यात एक आयटीवाली होती म्हणून.

तिनं आधी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला. गटाला नाव काय द्यायचं यावर इतकी भवति न भवति झाली की शेवटी नुसता ॐ ठेवला. मग तिनं एक्सेलचा तक्ता केला. वार, देवता, नैवेद्य, उपास आहे की नाही, काय आणायचं, कुणी आणायचं. रोज सकाळी आठच्या आत आपापल्या नावापुढे टिचकी मारायची. मारली तर रकाना हिरवा, नाही मारली तर लाल. मी सात पन्नासला घर सोडते. आठला मी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर असते, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं पर्स पोटाशी धरलेली. टिचकी मारायला तिसरा हात लागतो, आणि तो फक्त देवींना असतो. त्यामुळे माझी ओळ महिनाभर लालच राहिली. कुंकवाचा रंग आहे, अशी मी मनाची समजूत घातली.

देव सोपा झाला की नाही ठाऊक नाही, पण पूर्वी मला फक्त पूजा करावी लागायची. आता पूजा करून कळवावी लागायची. फोटो टाकावा लागायचा. मग बाकीच्या अठराजणींच्या फोटोंना हात जोडावे लागायचे. एकीच्या महादेवाला जोडले आणि दुसरीच्या राहिले, तर महादेवाला काही वाटत नाही, दुसरीला वाटतं.

बुधवारी भलताच प्रसंग ओढवला. कुणीतरी रात्री तक्ता उघडून एकच रकाना अकारविल्हे लावून ठेवला. वार आणि देव जागच्या जागी राहिले, सामान हललं. सकाळी चौथ्या मजल्यावरची नवी सून तक्ता बघून बुध-बृहस्पतींसाठी रुईच्या पानांची माळ आणि तेल घेऊन तयार. नवी असल्यामुळे तिनं शंका काढली नाही. जिवतीच्या कागदावर बुध हत्तीवर आणि बृहस्पती वाघावर बसलेला असतो, तेव्हा त्यांना मारुतीचं तेल का चालू नये, असंही तिला वाटलं असेल. तिच्या सासूनं मात्र गटावर एकच शब्द टाकला. 'कोणी?' त्या प्रश्नाचं उत्तर अजूनही कुणी दिलेलं नाही, पण त्या दिवसापासून आयटीवालीनं तक्त्याला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

शनिवारची अडचण वेगळी. मुंजा मुलगा हवा. पूर्वी म्हणे वाड्यात हाक मारली की चार मिळायचे. आमच्या अख्ख्या इमारतीत मुंज झालेला आणि शनिवारी क्लास नसलेला मुलगा निघाला एक. तक्त्यात त्याची नोंदणी सुरू झाली. पहिल्या शनिवारी तो तीन घरी जेवला. चौथ्या घरी जाताना जिन्यात बसला आणि म्हणाला, "काकू, मला डबा देता का? रात्री खातो." दुसऱ्या शनिवारी त्याच्या आईनं गटावर नम्रपणे कळवलं की चिरंजीवांना वरण-भात-खीर नको झालं आहे, पनीर असेल तर येतील. यावर शास्त्रार्थ झाला. शास्त्रात पनीरला मनाई कुठे आहे, हे कुणालाच दाखवता आलं नाही.

रविवारच्या राणूबाईच्या कहाणीत मौन्यानं उठावं असं सांगितलंय. हे व्रत माझ्या घरच्यांना मनापासून आवडलं. नवरा म्हणाला, "हे रोजचं करता येत नाही का?"

आता खरं सांगायचं तर माझा श्रावण ज्यांनी तडीस नेला, त्यांच्याकडे तक्ता नव्हता. त्या बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात होत्या. या डब्यात कुणाला नाव नसतं, स्टेशन असतं. बदलापूरवाली खिडकीशी बसते, अंबरनाथवाली तिच्या शेजारी, कल्याणवाली तिसरी आणि मी चौथी. लोकलमधली चौथी सीट म्हणजे एक मांडी बाकावर आणि बाकीची श्रद्धेवर. ठाणेवाली उभीच असते. तिला बसलेली मी कधी पाहिलेली नाही, आणि तरी डब्यातली सगळी सूत्रं तिच्याच हातात असतात.

या डब्यात वर्षभर पालेभाजी निवडली जाते, मटार सोलले जातात, लसूण सोलला जातो. श्रावणात लसूण बंद होतो आणि त्याची जागा गेजवस्त्र घेतं. कापसाची बोंडं पर्समधून निघतात, वाती वळल्या जातात. मी एकदा मुकाट्यानं वळायला घेतल्या, तर बदलापूरवालीनं माझ्या हातून कापूस काढून घेतला. "अगं, तू नको करूस. तू हळद-कुंकवाच्या पुड्या बांध." कुणाला काय येत नाही हे जिथे न लाजवता सांगतात, तिथे कामं पटकन होतात. आमच्या तक्त्यात असा रकाना नव्हता.

त्या वर्षी पहिलाच शुक्रवार 9 ऑगस्टला आला, आणि नेमकी त्याच दिवशी नागपंचमी. म्हणजे जिवतीला पुरणाचा नैवेद्य हवा, आणि नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. ॐ गटावर गुरुवारी दुपारपर्यंत त्र्याण्णव निरोप आले. पोळीला तवा लागतो, मग पुरणपोळी कशी? कुकरची शिटी म्हणजे नागाला त्रास का? कुणीतरी मिक्सरबद्दल विचारलं. मिक्सरनं चिरलं जातं की वाटलं जातं, यावर दोन तट पडले. मी हे सगळं ऑफिसात, बैठकीत, टेबलाखाली वाचत होते. साहेबांनी मला विचारलं, "तुमचं काय मत?" मी म्हणाले, "वाटलं तर चालेल." ते माझ्या सहमतीवर खूष झाले. कशाला सहमती दिली, ते मला पुढच्या तिमाहीत कळलं.

संध्याकाळी लोकलमध्ये हाच प्रश्न मी मांडला, तर अंबरनाथवालीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दहावी नापास असावी. "अगं, दिंडं कर की. उकडायचीच असतात. तवा नाही, तळण नाही. त्यातलंच थोडं पुरण काढून ठेव, त्याचे दिवे कर, त्यानंच पोरांना ओवाळ. नागोबाही खूष, जिवतीही खूष. पुरण एकदाच." एवढंच. पंचमीला उकडीचे पदार्थ करायची पद्धत ज्या कुणा बाईनं पाडली, तिला माझा नमस्कार. धर्माच्या नावाखाली तिनं वर्षातून एक दिवस तवा आणि विळी दोघींना सुट्टी मिळवून दिली.

राहिला आघाडा. जिवतीला आघाडा आणि दुर्वांची माळ लागते, आणि डोंबिवलीत शुक्रवारी सकाळी आघाड्याच्या दोन काड्या मागायला गेलं तर फुलवाला आपल्याकडे जमीनदार असल्यासारखं बघतो. दादरवालीनं जबाबदारी घेतली होती. ती दादरलाच नोकरी करते, फूलबाजार पायाशी. गुरुवारी संध्याकाळी बाराजणींच्या बारा पुड्या एका मोठ्या पिशवीत घालून ती फलाटावर उभी. गाडी आली. दादरला संध्याकाळी जलद गाडीत चढणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. दारातल्या ठाणेवालीनं हात लांब करून पिशवी ओढून घेतली, आणि गाडी सुटली. आघाडा आत, दादरवाली फलाटावर. तिनं तिथूनच ओरडून सांगितलं, "माझी पुडी कल्याणवालीकडे द्याऽऽ!" स्वतःची फिकीर नाही, आघाड्याची. पुढच्या गाडीनं ती आली आणि रात्री कल्याणवालीच्या दारातून आघाडा घेऊन गेली.

त्या शुक्रवारी जिवतीच्या कागदासमोर पुरणाचे दिवे लावून मी धाकट्याला ओवाळलं. थोरला बंगळुरूला. मूल गावाला असलं तर चारही दिशांना अक्षता टाकायच्या अशी रीत आहे. मी त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइलला ओवाळलं. तो म्हणाला, "आई, दिवा लांब धर, स्क्रीनला तूप लागेल." मग मी चार दिशांनाही अक्षता टाकल्या. नेटवर्कचा भरवसा नसतो.

सोमवारी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गटावर कहाणी पाठवायच्या, आवाजात. चष्मा न लावता पाठ. एका सोमवारी खुलभर दुधाची कहाणी आली, ती मी लोकलमध्ये लावली. राजाच्या मनात येतं की महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. गावभर हुकूम सुटतो. लोक घाबरून घरातलं सगळं दूध घेऊन देवळात. पोरांना दिलं नाही, वासरांना पाजलं नाही. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिनं घरचं काम आटोपलेलं, मुलाबाळांना खाऊ घातलेलं, सुनांना न्हाऊ घातलेलं, गाईवासरांना चारा दिलेला. मग उरलेलं खुलभर दूध. ते ओतलं आणि गाभारा भरला.

डबा ऐकत होता. कहाणी सुफळ संपूर्ण झाल्यावर कल्याणवाली म्हणाली, "सासू सुनांना न्हाऊ घालते? ही कहाणी कुठल्या गावची आहे, मला तिथे घर बघायचंय." बदलापूरवालीचं म्हणणं, म्हातारीला आठची गाडी नव्हती. पण ठाणेवाली दाराच्या दांडीला धरून म्हणाली, "म्हणजे उशिरा गेलं तरी चालतं. दुपारी चालतं. सगळं नाही नेलं तरी चालतं. लिहून ठेवा गं हे कुणीतरी." त्या दिवसापासून आमच्या डब्यात तो कोर्टाचा निवाडाच झाला. कुणी म्हणालं, "आज बेल वाहायचा राहिला," की तीनचार आवाज एकदम यायचे, "खुलभर!" आणि विषय मिटायचा.

मी हा निवाडा ॐ गटावरही सादर केला. आयटीवालीनं विचार करून तक्त्यात एक नवा रकाना वाढवला. 'खुलभर: हो/नाही.'

पाचवा सोमवार मात्र सगळ्यांना पुरून उरला. एरवी चार सोमवार असतात आणि तांदूळ, तीळ, मूग, जव यांवर शिवामूठ निभते. त्या वर्षी श्रावण लागलाच सोमवारी, 5 ऑगस्टला, त्यामुळे 2 सप्टेंबरला पाचवा आला आणि पाचव्याला सातू. चौथ्या मजल्यावरच्या नव्या सुनेची ती पहिली शिवामूठ, म्हणून सगळी इमारत तिच्यासाठी सातू शोधायला निघाली. सातूचं पीठ गल्लोगल्ली मिळतं, उन्हाळ्यात लोक पितातही. पण पीठ मुठीत धरून पिंडीवर वाहिलं की पुजारी चिडतात. शेवटी एका वाण्यानं आहे म्हणून सांगितलं. मी स्वतः गेले होते. आदल्या आठवड्यात ज्या पोत्यातून त्यानं जव दिले होते, त्याच पोत्यात हात घातला. मी म्हटलं, "अहो, हे तर जव." तो म्हणाला, "ताई, मागच्या सोमवारी जव होते."

मी घेतले. आजींना दाखवले. त्यांनी तळहातावर दाणे पसरले, एक तोंडात टाकून चावला आणि म्हणाल्या, "वाहू दे तिला. महादेव काय पावती मागतोय?" तेवढ्यात त्याच दिवशी पिठोरी अमावास्या आहे, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि खिरीसाठी पुन्हा दूध आणायला माणूस पळाला.

संध्याकाळी डब्यात मी जाहीर केलं, संपला बाई श्रावण. उद्यापासून कांदा, लसूण आणि झोप. कल्याणवालीनं मोबाइल काढून कॅलेंडर उघडलं. "शुक्रवारी हरितालिका. शनिवारी गणपती. मंगळवारी गौरी येतायत." दादरवाली गर्दीतून डोकं वर काढून म्हणाली, "पत्री कुणाकुणाला आणायची, आत्ता सांगा. पण या वेळी आधी मी चढणार, मग पिशवी."

माझा मोबाइल वाजला. ॐ गट. आयटीवालीनं तक्त्याचं नवं पान उघडलं होतं आणि माझी ओळ आधीच लाल होती.