मासे मोजायचेत? मग एवढं सांभाळा

शहराच्या नदीतल्या स्थलांतरित माशांची गणना तुमच्या गळ्यात पडली असेल, तर अभिनंदन. काम बरं आहे, मासे तेवढे गैरसोयीचे आहेत.

आधी वेळ ठरवा. ईल मासा समुद्राकडे निघतो तो बहुधा अंधाऱ्या रात्री, नदीला पाणी चढलं की. तेव्हा तुमची गणना ठेवा सकाळी अकराला, लख्ख उन्हात, पाणी उतरल्यावर. ‘ईल आढळला नाही’ हे वाक्य आदल्या दिवशीच टाइप करून ठेवता येतं.

मग जागा. बंधाऱ्याला मत्स्यमार्ग, म्हणजे माशांना बंधारा ओलांडून वर जायची वाट, असेल तर मोजणीचं यंत्र त्याच्या वरच्या टोकाला लावा. तिथे दिसणारा प्रत्येक मासा पोहोचलेलाच असतो, म्हणजे यश शंभर टक्के! पायथ्याशी किती मासे वाट शोधत घुटमळले, हे मोजायला कुणी सुचवलंच तर ‘तिथे शेवाळ आहे, पाय घसरतो’ एवढं पुरे. माशाच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायच्या फंदात तर पडूच नका. तो कुठल्या बंधाऱ्याशी अडकला ते तिच्यावरून कळतं, आणि पाठोपाठ तो बंधारा कुणी बांधला हेही कुणीतरी विचारतं.

तुलनेचं वर्ष निवडणं ही खरी कला. गंगेतला हिलसा एके काळी समुद्रातून निघून अलाहाबादच्याही वर जात असे. १९७५ मध्ये पश्चिम बंगालमधला फराक्का बंधारा सुरू झाला आणि वरच्या भागातली आवक कोसळली. तुम्ही मोजायला सुरुवात १९७५ नंतरच करा, म्हणजे ‘परिस्थिती स्थिर’ असं प्रामाणिकपणे लिहिता येईल. टेम्स नदी १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत ठरवली गेली होती. इतकं सोयीचं वर्ष नशिबाने मिळतं. त्यानंतर एक मासा दिसला तरी प्रगतीच. तिथे १९७४ मध्ये एका वीजकेंद्राच्या जाळीवर सॅमन सापडलाही. पुढे नदीत सॅमनची पिल्लं सोडली गेली आणि मोठे मासे दिसू लागले. सगळं छान चाललं होतं, पण संशोधकांनी डीएनए तपासला. २०११ मध्ये निष्कर्ष आला की ते मासे सोडलेल्यांचे वंशज नव्हेत, शेजारच्या नद्यांतून भरकटत आलेले आहेत. कुणी सांगितलं होतं तपासायला?

तरीही डीएनएचा आग्रह झालाच, तर घाबरू नका. माशांची त्वचा, विष्ठा, बुळबुळीत स्राव पाण्यात मिसळतात. बाटलीभर पाण्यातून कोणती जात येऊन गेली ते कळतं. संख्या मात्र नीटशी कळत नाही, हा या तपासणीचा मोठा गुण. त्याहून मोठा गुण असा, की लोकांच्या ताटातल्या माशांचा डीएनएही सांडपाण्याबरोबर नदीत उतरतो. नाल्याच्या तोंडाशी बाटली भरा, कदाचित खोल समुद्रातला ट्यूनाही तुमच्या नदीत परतलेला असेल. (पत्रकार परिषद मासेबाजारापासून जरा लांब घ्या.)

एकच धोका उरतो: लोकांनी स्वतः पाहणं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात २०२१ पासून कालव्याच्या दारापाशी पाण्याखाली कॅमेरा आहे. वसंतात दारापाशी मासे खोळंबले की घरबसल्या कुणीही ऑनलाइन बेल वाजवतं, आणि दारावरचा माणूस खरंच दार उघडतो. असली मागणी तुमच्याकडे आली तर विरोध करू नका, वाईट दिसतं. बेल लगेच बसवून टाका. वायर पुढच्या निविदेत घेऊ.