‘उच्च धोका’ वर्गातलं धरण म्हणजे फुटायला आलेलं धरण नव्हे

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज फिरू लागतो. धरणाचं नाव तेवढं बदलतं, मजकूर साधारण तोच: ‘आपल्या वरचं धरण उच्च धोका वर्गात टाकलंय, म्हणजे ते फुटणार हे अधिकाऱ्यांनीच मान्य केलंय. नुसता मातीचा ढिगारा आहे, सिमेंटचं असतं तर भीती नव्हती. पायथ्याशी पाणी झिरपतंय. शेजारचं छोटं धरण कमी धोका वर्गात आहे, चाळीस वर्षं उभं आहे, त्याची चिंता नको. आपलं धरण आजच्या आज रिकामं करा.’ लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेल. पण या मजकुरानं लोक नको तिथे घाबरतात आणि जिथे सावध राहायला हवं तिथे निर्धास्त होतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

वर्गापासून सुरुवात करू. धोका वर्ग ठरवताना धरणाची तब्येत बघतच नाहीत. प्रश्न एकच असतो: हे धरण समजा फुटलंच, तर खाली कोण आहे? संगणकावर धरण फोडून पाहतात, एकदा भर पुरात आणि एकदा लख्ख उन्हाच्या दिवशी. पाणी कुठवर जाईल, किती खोल असेल, किती मिनिटांत पोचेल याचा नकाशा निघतो. त्या नकाशात माणसं राहत असली की वर्ग उच्च. अमेरिकेच्या पद्धतीत एका माणसाचा जीव जाण्याची शक्यता दिसली तरी धरण ‘उच्च’ ठरतं, मग ते कितीही ठणठणीत असो. धरणाची अवस्था हा वेगळा रकाना आहे. आपल्याकडे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी होते आणि त्रुटींच्या गांभीर्यानुसार धरणं तीन श्रेणींत मांडतात. पहिल्या श्रेणीत धरण फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकेल अशा त्रुटी असलेली धरणं येतात. घाबरायचंच असेल तर ती श्रेणी विचारून घाबरा. उच्च धोका वर्गामुळे उलट मोठ्या पुरासाठी सांडवा (जादा पाणी सुरक्षित बाहेर सोडणारी वाट), वारंवार तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा या गोष्टींचा आग्रह धरता येतो. आपल्या धरणाला हा वर्ग मिळू नये अशी इच्छा धरणारी गावं स्वतःचंच नुकसान करून घेतात.

‘मातीचा ढिगारा’ हा मुद्दा फार रेंगाळण्यासारखा नाही. मध्ये पाणी अडवणाऱ्या चिकण मातीचं हार्टिंग, दोन्ही अंगांना भार देणारं केसिंग, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, आणि हे सगळं थराथरानं, ठरलेल्या ओलाव्यावर रोलर फिरवून दाबलेलं. भारतातलं सर्वांत उंच धरण टिहरीचं, २६०.५ मीटर, आणि तेही माती-दगडाच्या भरावाचं. उलट कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस धरण काँक्रीटचं होतं, ते १९२८ मध्ये कोसळलं. फ्रान्सचं मालपासेही काँक्रीटचं. १९५९ मध्ये ते फुटलं तेव्हा चारशेवर माणसं गेली. दोन्हीकडे पायाच्या खडकानं दगा दिला. मातीची खरी दुबळी बाजू वेगळी आहे: माथ्यावरून पाणी वाहू लागलं की भराव धुपून जातो. गुजरातेतल्या मोरबीच्या वरचं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी असंच गेलं. मधला सांडवा दगडी बांधकामाचा होता. जितक्या पुरासाठी तो आखला होता त्याच्या जवळपास तिप्पट पाणी आलं आणि दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले.

पानशेतची आठवणही या मेसेजला जोडली जाते, म्हणून तेही स्पष्ट करतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते माती वापरली म्हणून नव्हे. विमोचकाचं, म्हणजे धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेचं, काम अपुरं असताना पाणी साठलं, त्यातून वाहणाऱ्या पाण्यानं बांधकाम हादरलं आणि वरचा भराव खचत गेला. लष्कराचे जवान खचणाऱ्या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. त्यानंतर ज्या लोंढ्यानं पुण्यात हाहाकार माजवला, त्यानं वाटेतलं खडकवासला धरणही फोडलं, आणि ते दगडी होतं. वरच्या धरणाचा वर्ग ठरवताना खालचं धरणही मोजावं लागतं ते यासाठी.

आता झिरपणारं पाणी. इथे मेसेज निम्मा बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त फसवा आहे. पाझर नसलेलं मातीचं धरण नसतं. पाणी आतून येणारच असं धरूनच वाळूचे गाळण थर घालतात, म्हणजे पाणी बाहेर पडेल पण मातीचा कण मागेच अडेल. ते पाणी टो ड्रेनमधून, म्हणजे पायथ्याच्या चरातून, व्ही-नॉचवर (पाणी मोजायच्या V आकाराच्या खाचेवर) येतं आणि तिथे नियमित मोजलं जातं. बघायचं काय, तर रंग आणि बदल. पायथ्याच्या झऱ्याचं पाणी पारदर्शक बाटलीत भरावं आणि दहा मिनिटं हलवू नये. मी असं अनेकदा केलंय. बाटलीचा तळ स्वच्छ राहिला तर जीव भांड्यात पडतो. तळाशी बोटभर रुंदीचाही तांबूस गाळ बसला, तर धरणाच्या पोटातली माती बाहेर येतेय, आणि त्या दिवशी फोन करायला संध्याकाळची वाट बघायची नसते. तलावाची पातळी तीच असताना नॉचवरचं पाणी अचानक वाढलं, किंवा अचानक आटलं, तरी तसंच.

हे किती वेगानं घडतं ते अमेरिकेतल्या टीटन धरणानं दाखवलं. ९३ मीटर उंचीचं नवं कोरं धरण पहिल्यांदाच भरत होतं. आदल्या दोन दिवसांत स्वच्छ पाण्याचे लहान झरे दिसले होते. ५ जून १९७६ च्या सकाळी सातच्या सुमारास गढूळ पाणी दिसलं, आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं. अकरा माणसं गेली. पाझर दिसला की ‘फुटलं, फुटलं’ म्हणून धावू नका. पण गढूळ पाणी पाहून ‘पाझर तर असतोच’ असं सांगणाऱ्याचंही ऐकू नका.

मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते ती छोट्या धरणाबद्दलची ओळ. धोका वर्ग एकदा लिहून दिला की कायमचा राहत नाही. धरण झालं तेव्हा खाली नुसती कुरणं होती. धरणानं लहानसहान पूर अडवले, नदीकाठ कोरडा दिसू लागला, मग तिथे घरं आली, शाळा आली. धरण जागचं हललं नाही, पण त्याचा धोका वाढला, आणि कागदावर मात्र ‘कमी’च राहिलं. सांडवाही जुन्याच हिशेबाचा. आपल्या मानकात छोट्या धरणाचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी धरता येतो. असा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता. पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर तो निदान एकदा येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के भरते. चाळीस वर्षं काही झालं नाही, यात धरणाच्या ताकदीइतकाच नशिबाचाही वाटा असू शकतो. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण छोटंच होतं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि खालची घरं माणसांसकट वाहून गेली.

उरली ‘आजच्या आज रिकामं करा’ ही मागणी. भरलेल्या तलावाचं पाणी झपाट्यानं उतरवलं की भरावाच्या आत मुरलेलं पाणी तितक्या लवकर बाहेर पडत नाही. बाहेरून टेकू देणारं पाणी गेलेलं असतं, आतली माती ओलीचिंब आणि जड असते, आणि पाण्याच्या बाजूचा उतार घसरतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस धरणात १९८१ मध्ये साधारण चार महिन्यांत पाणी ५५ मीटर उतरवलं, तर आतल्या बाजूचा मोठा भाग घसरला. सुदैवानं धरण फुटलं नाही. गाळ वाहत असेल, माथा खचत असेल, तर पातळी खाली आणावीच लागते. पण रोज किती सेंटिमीटर उतरवायची हे पिझोमीटरमधल्या, म्हणजे भरावातल्या पाण्याचा दाब दाखवणाऱ्या नळ्यांमधल्या, पाण्याची उंची बघून ठरवतात, आणि तो आकडा सांडव्याच्या दारांवर बसलेल्या माणसाच्या हातात त्याच दिवशी असावा लागतो.