दुर्गाबाईंचं कौतुक करा, पण कमलाबाईंना पुसून नको

दुर्गा खोटे यांच्यावरचा एक मजकूर सध्या पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जोरात फिरतोय. 'चित्रपटात पाऊल टाकणारी पहिली भारतीय स्त्री' असं त्याचं शीर्षक आहे आणि खाली 'प्रत्येक मराठी माणसाने पुढे पाठवावं' अशी विनंती. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. मग बहिणीचा फोन आला. भाची नववीत आहे. शाळेच्या हस्तलिखितात तिला जुन्या काळच्या एका अभिनेत्रीवर लिहायचंय आणि तिने हाच मजकूर जसाच्या तसा उतरवून काढलाय. "दादा, जरा शुद्धलेखन बघून दे," एवढंच बहिणीचं मागणं होतं. शुद्धलेखन ठीक आहे. मजकूर मात्र चुकांनी भरलेला आहे आणि एका ठिकाणी तर तो अन्यायच करतो. म्हणून हे लिहितोय.

मजकूर काय म्हणतो ते आधी सांगतो. दुर्गाबाई गरीब घरात जन्मल्या. १९३२ साली पुण्याच्या प्रभात स्टुडिओत तयार झालेला 'अयोध्येचा राजा' हा त्यांचा पहिला चित्रपट. त्याआधी पडद्यावर बायकांची कामं पुरुषच करत, आणि 'ज्या थोड्या बायका होत्या त्या चांगल्या घरच्या नव्हत्या'. पुढे पगारासाठी दुर्गाबाईंनी प्रभातच्या दारात उपोषण केलं. आणि सरकारने त्यांची कधीच दखल घेतली नाही. सोबत मुकुट आणि जडजवाहीर घातलेला त्यांचा फोटो, खाली '१९३२'. तो फोटो 'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाईचा आहे, म्हणजे १९६० सालचा. पंचावन्न वर्षांच्या बाईंचा फोटो सत्ताविशीतला म्हणून खपवलाय, यावरूनच लिहिणाऱ्याने काय तपासलं असेल ते कळावं.

गरिबीचा मुद्दा लवकर निकालात काढतो. दुर्गाबाई १९०५ साली मुंबईत जन्मल्या. वडील पांडुरंग लाड हे नामांकित सॉलिसिटर. मुलगी कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्समध्ये शिकली. त्या काळी किती मराठी मुलींच्या वाट्याला हे आलं? सासरचे खोटेही श्रीमंतच. पुढे सासरची घडी विस्कटली, पैशांची ओढाताण सुरू झाली आणि स्वतः कमवायची वेळ आली, हे खरं. पण जन्मापासून दारिद्र्य सोसलेली बाई आणि भरल्या घरातून येऊन कमवायला बाहेर पडलेली बाई, यांच्यापुढचे प्रश्न वेगळे असतात. दुसरीला पोटाइतकीच 'लोक काय म्हणतील' याचीही लढाई लढावी लागते. दुर्गाबाईंनी ती लढली. त्यांना गरीब ठरवलं की ती लढाईच गोष्टीतून गळून पडते.

पहिला चित्रपटही चुकीचा. 'अयोध्येचा राजा'च्या आधी, १९३१ साली, मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल'मध्ये त्यांनी छोटंसं काम केलं होतं. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. १९८२ साली आलेल्या 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात बाईंनी स्वतः लिहिलंय. जाहिरातीत लाड आणि खोटे या दोन्ही घराण्यांची नावं मिरवली गेली. चित्रपट वाईट निघाला, समाजात गहजब झाला आणि दोन्ही घरांना बोलणी खावी लागली. ते सगळं अंगावर घेतलेल्या बाईकडे मग शांताराम तारामतीची भूमिका घेऊन आले आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या. माझ्या मते त्यांच्या सुरुवातीच्या काळातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे: एकदा पोळल्यावर परत त्याच दारात जाणं. मजकुरात त्याचा पत्ताच नाही. आत्मचरित्र मराठीत आहे. कौतुक करायला निघालेल्या माणसाने निदान ते तरी उघडायला हवं होतं.

'अयोध्येचा राजा' पुण्यात तयार झाला हेही खोटं. तो कोल्हापूरचा. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्यात आली. मराठीतला पहिला बोलपट कोल्हापूरच्या मातीत झाला, तो मान कोल्हापूरकरांकडेच राहू द्या. पुणेकरांना दुर्गाबाईंचा धागा हवाच असेल तर १९३६ सालचा 'अमरज्योती' आहे. त्यात त्यांनी रंगवलेली सौदामिनी ही समुद्रावरची बंडखोर बाई इथल्याच स्टुडिओत उभी राहिली. आज त्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

आता मुख्य मुद्दा. ज्या वाक्यामुळे मी हे लिहायला बसलो ते: 'त्याआधी बायकांची कामं पुरुषच करत, आणि ज्या थोड्या बायका होत्या त्या चांगल्या घरच्या नव्हत्या.'

यातला पहिला भाग का पसरला ते समजू शकतं. १९१३ साली फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही बाई तयार झाली नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९३२ साली तीच गोष्ट बोलपट होऊन आली तेव्हा तारामती दुर्गाबाई होत्या. तीच राणी, आधी साळुंके आणि मग खोटे. कुणीतरी ही दोन टोकं जोडली आणि मधली एकोणीस वर्षं रिकामी सोडली.

ती वर्षं रिकामी नव्हती. अगदी पहिलं वर्षसुद्धा नव्हतं. 'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळके नाशिकला गेले आणि त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला, साल १९१३च. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या अभिनेत्री या मायलेकी. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, पदरी लहान मुलगी, सोबत नाटक मंडळीचा गावोगावचा मुक्काम. मुलगी चार-पाच वर्षांची असल्यापासून रंगमंचावर. दुर्गा खोटे पडद्यावर यायच्या अठरा वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

पुण्यातल्या माणसाने तर हे विसरूच नये. याच कमलाबाईंचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. २०२२च्या नोव्हेंबरात विक्रमजी गेले तेव्हा त्यांच्या अंत्यदर्शनाला बालगंधर्व रंगमंदिरात लोक हळहळत उभे होते. तेच पुणेकर आज त्यांच्या आजीला आणि पणजीला 'चांगल्या घरच्या नव्हत्या' म्हणणारा मजकूर पुढे पाठवतायत. पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण काय पाठवतोय याची कल्पना नसणार, हे मला मान्य आहे. म्हणूनच ओरडून सांगावंसं वाटतं.

कमलाबाईंवर रीना मोहन यांनी केलेला १९९१ सालचा एक माहितीपट आहे, 'कमलाबाई' नावाचाच. तो जरूर बघा. नव्वदीकडे झुकलेल्या बाई पुण्यातल्या आपल्या घरी बसून बोलतात आणि मधेच जुन्या नाटकातलं पद किंवा भाषण म्हणू लागतात. अंग थकलंय, पण पाठांतर पक्कं. नाटकवाल्या बाईची ती जरब बघितल्यावर कुणी तिचं 'घर' विचारेल असं मला वाटत नाही. नवरा ऐन तारुण्यात गेला, तीन मुलगे पदरात, आणि बाईंनी नाटकं करून त्यांना वाढवलं. चंद्रकांतजी नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात नावाजले. चांगलं घर म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आणि त्या एकट्याही नव्हत्या. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२०च्या 'सैरंध्री'त गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना पडद्यावर आणलं. फाळक्यांनी १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्णाच्या भूमिकेसाठी स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, उभं केलं. म्हणजे 'घरंदाज' या कसोटीवरही मजकुरातलं वाक्य टिकत नाही. फातमा बेगम १९२६ साली दिग्दर्शक झाल्या. त्यांची मुलगी झुबेदा १९३१च्या 'आलम आरा'ची, देशातल्या पहिल्या बोलपटाची, नायिका. मूकपटांच्या जमान्यात जिच्यासाठी लोक थिएटरबाहेर रांगा लावत ती सुलोचना, मूळची रूबी मायर्स, ती तर जन्मानेच पुण्याची. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून सिनेमात आली आणि १९७३चं फाळके पारितोषिक मिळवलं. या सगळ्यांना एका वाक्यात 'तसल्या' ठरवायचं आणि वर 'स्त्रीशक्तीला वंदन' लिहायचं, हे कसं चालेल?

यात थोडं तथ्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. दुर्गा खोटे आल्यावर लोकांची नजर बदलली. सॉलिसिटरची मुलगी, इंग्रजी शाळेत शिकलेली, ती पडद्यावर आली म्हटल्यावर मध्यमवर्गीय घरांतला विरोध थोडा ढिला पडला. नंतर आलेल्या लीला चिटणीस किंवा शोभना समर्थ यांच्यासारख्यांना त्याचा फायदा झाला असणार. पण त्यातून समाजाच्या नजरेविषयी कळतं. आधीच्या बायकांच्या चारित्र्याविषयी त्यातून काहीही सिद्ध होत नाही. नजर वाईट होती म्हणून ज्यांनी दगड खाल्ले, त्यांनाच आज पुन्हा दोष द्यायचा?

उपोषणाची गोष्ट खरी आहे, पण बाई वेगळी. प्रभातच्या फाटकाशी १९३९ साली उपोषणाला बसल्या त्या शांता आपटे. कंपनीशी करारावरून त्यांचं वाजलं होतं. दुर्गाबाईंवर ती वेळ आली नाही, कारण त्या कुठल्याच एका कंपनीला जखडून राहिल्या नाहीत. 'राजरानी मीरा' आणि 'सीता' त्यांनी कलकत्त्याला जाऊन केले, १९३७ साली 'साथी' स्वतः काढला. नट-नट्या महिन्याच्या पगारावर कंपनीला बांधलेल्या असण्याचा तो काळ होता. एकीने फाटकाबाहेर बसून भांडण केलं, दुसरीने आधीपासूनच मोकळीक राखली. दोघींची हिंमत आपापल्या जागी आहे. एकीचं दुसरीच्या नावावर कशाला चढवायचं?

सरकारने दखल घेतली नाही म्हणे. १९६८ साली पद्मश्री. १९८३ सालचं दादासाहेब फाळके पारितोषिक. पुढे बोलायला काही उरत नाही.

भाचीला मी आत्मचरित्र दिलंय आणि माहितीपटाचं नाव लिहून दिलंय, तिचं ती बघेल. हा मजकूर ज्यांच्याकडे येईल त्यांना एवढंच सांगणं आहे: फोटो चुकलाय, साल चुकलंय, गाव चुकलंय, ते सगळं एकवेळ सावकाश दुरुस्त करा. पण 'चांगल्या घरच्या नव्हत्या' हे वाक्य आजच्या आज काढा, आणि ज्या ज्या ग्रुपवर पाठवलंत तिथे काढल्याचं कळवा.