विधवा नायिकेला किती स्टार द्यावेत?

प्रेमकथा म्हणून तिकीट काढावं आणि पहिल्या वीस मिनिटांत नायकच जावा, उरलेला सगळा सिनेमा त्याच्या बायकोने त्याच्यावाचून काढलेल्या दिवसांचा असावा. असा सिनेमा लागला की ठाण्यातल्या सुजाण प्रेक्षकाने समीक्षा लिहिलीच पाहिजे. वेळ कुठून आणायचा, ही चिंता नको. घोडबंदर रोडच्या मल्टिप्लेक्सबाहेर रिक्षा मिळेपर्यंत मुद्दे सुचतात आणि मिळाल्यावर माजिवड्यापर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये लेख लिहून, शुद्धलेखन तपासूनही होतो.

सुरुवात 'पटकथा रेंगाळते' या वाक्याने करा. दुःख रेंगाळणारच, असं कुणी म्हणेल, दुर्लक्ष करा. आपल्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण घालून माणसं मोकळी होतात आणि ही बाई मध्यंतर झालं तरी त्याचा शर्ट कपाटातून काढत नाही म्हणजे काय? संकलकाने कात्री चालवायला हवी होती, असं ठणकावून लिहा.

मग नायिकेकडे वळा. ती रडली तर मेलोड्रामा, नाही रडली तर अभिनेत्रीचा चेहरा कोरा. उत्तरार्धात कुणाबरोबर कॉफी प्यायली तर 'इतक्यात?', एकटीच राहिली तर 'सिनेमा आशा देत नाही'. ही कसरत जमेल की नाही अशी शंका असेल, तर तुमच्या सोसायटीत अलीकडे जिचा नवरा गेला तिच्याबद्दल लिफ्टमध्ये जे बोलता तेच उतरवून काढा. अधूनमधून 'दिग्दर्शकाने' हा शब्द घातला की झाली समीक्षा.

तलावपाळीवर ज्यांच्या नावाचं रंगायतन आहे, त्या गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त सिंधूला पाच अंक सोसायला लावलं. ते अजरामर. त्याबद्दल ब्र काढू नका. सिनेमातल्या पोरीने मात्र दोन हुंदके जास्त दिले की तो 'भावनिक ब्लॅकमेल' समजावा.

थोडी विद्वत्ता हवीच. शोकाचे पाच टप्पे सांगा: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली हे टप्पे मांडले ते स्वतः मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे उरलेल्यांकडे पाहून नव्हे. पण हे वाचकाला कळलं, तर नायिका दुसऱ्या टप्प्यावरच अडकलीय अशी तक्रार तुम्ही कोणत्या तोंडाने करणार? तेव्हा गप्प राहा. देशी दाखला हवा असेल तर नाट्यशास्त्र आहे. भरतमुनींच्या हिशेबात भेटीची आशा शिल्लक असेल तर विप्रलंभ शृंगार, म्हणजे विरहातलं प्रेम; ती संपली की करुण रस. आता गेलेल्या नवऱ्याच्या नंबरवर रोज 'जेवलास का' पाठवणारी नायिका कुठल्या रसात बसवायची? प्रश्न खरोखर चांगला आहे, म्हणून टाळा. त्याचं उत्तर शोधायला सिनेमा पुन्हा बघावा लागेल.

सिनेमा परदेशी असेल तर काम आणखी सोपं. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या वेबसाइटवरचा आकडा उचला आणि परीक्षेतल्या गुणांसारखा छापा. तिथे साठ टक्के म्हणजे शंभरातल्या साठ समीक्षकांचं मत अनुकूल, सिनेमाला शंभरपैकी साठ गुण नव्हेत. सगळ्यांनी नुसतं 'बरा आहे' म्हटलं तरी शंभर टक्के होतात. हे समजावत बसलात तर तुमची पोस्ट कोण वाचणार? 'तिकडेही जेमतेम काठावर पास' एवढं पुरे.

राहता राहिलं तुमचं स्वतःचं. शेवटच्या प्रसंगात तुम्हीही रुमाल काढला असेल, तर त्याचा उल्लेख नको. शेजारच्या काकूंनी बघितलंच असेल तर एसी फार होता म्हणून सांगा. स्टार अडीचच द्या. तीन दिले तर सिनेमा आवडला असं होतं आणि दोन दिले तर कारणं द्यावी लागतात.