कानबाईचं गाणं आणि ल्यूटनची बासरी

श्रावण लागला की आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाण्यावरून वाजतंच. यंदा साक्रीकडच्या पोरांनी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची अहिराणी गाणी की-बोर्ड आणि ड्रमवर बसवली. काका भडकले: देवीची गाणी आहेत, होती तशीच राहू द्या. पोरं म्हणाली, तशीच ठेवली तर उद्या म्हणेल कोण?

मी राहतो इंग्लंडात, ल्यूटनला. जेथ्रो टल हा रॉक बँड १९६७ च्या अखेरीस याच गावात जमला. त्यांचा १९६९ चा ‘स्टँड अप’ हा अल्बम मी इथे जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात घेतला. पाकीट उघडलं की लाकडी ठशांच्या चित्रातले चौघे वादक कागदातून ताडकन उभे राहतात! त्यात ‘बूरे’ नावाचा तुकडा आहे. बूरे हा मूळचा फ्रान्सच्या खेड्यांतला नाच. तो दरबारात गेला, जर्मन संगीतकार बाखने ल्यूट या तंतुवाद्यासाठी त्याची रचना केली आणि अडीचशे वर्षांनी जेथ्रो टलच्या इयान अँडरसनने ती बासरीवर घेतली. चाल बाखची, डोल जॅझचा. मध्ये अँडरसन चालीपासून लांब जातो, फुंकर कानाशी मारल्यासारखी ऐकू येते, मग बास गिटार एकटीच बोलते, आणि शेवटी चाल परत येते. ती कुठेच हरवलेली नसते.

म्हणून काकांचा शुद्धतेचा आग्रह मला पटत नाही. आपल्या अहिराणीतच गुजराती, राजस्थानी, मराठी एकमेकांत मुरलेली आहे. शुद्ध काय शोधायचं?

पण पोरांचं रेकॉर्डिंग ऐकून मी खट्टू झालो. ड्रमचा एकच ठोका सुरुवातीपासून शेवटपर्यंत. धुळ्याच्या आत्याला फोनवर विचारलं. ती एवढंच म्हणाली, “शबद आयकूच येतस नही, भाऊ.”

माझा अल्बम मी रात्री हेडफोन लावून एकटा ऐकतो. कानबाई तशी नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, रोटांच्या प्रसादासाठी अख्खी भावकी जमते, बाया रात्रभर गातात, सोमवारी विसर्जन. कुणाचा नवस असतो त्या गाण्यात. त्या रात्री देवीपुढे यंत्र नको, एवढं काकांचं मी मानतो. एरवी पोरांनी खुशाल की-बोर्ड आणावा, पण आधी एक रात्र आत्याजवळ बसावं. तिची ओळ संपायच्या आतच समोरच्या बाया ती उचलतात. दोन-तीन शब्द दोन्हीकडून एकदम येतात आणि तेवढ्यात आत्या श्वास घेते. ड्रमचा पहिला ठोका कुठे पडावा, ते त्या श्वासाशी कळेल.